आधी कोणाचा नंबर? आरोग्यसेवेतील अग्रक्रम आणि लोकांची न्यायाची कल्पना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणी विचारले आणि उत्तरे कोण देत आहे?

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार आणि त्यांच्या घरची आजारी माणसे यांच्यासाठी आम्ही काही जण गेली काही वर्षे कागदपत्रांचे काम करतो. अर्ज भरून देणे, शिधापत्रिकेवरची आणि आधारवरची नावे जुळवून घेणे, मंजुरी अडली तर पाठपुरावा करणे, असे ते काम आहे. त्यात आजारापेक्षा आजारी माणसाच्या क्रमाबद्दलच अधिक बोलणे होते. ‘आमच्या आधी त्यांचा नंबर कसा लागला?’ हा प्रश्न आम्ही मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूतही ऐकला आहे. म्हणून आम्ही याच विषयावर बैठका घेऊ लागलो. पुढचे बहुतेक प्रश्न त्या बैठकांत विचारलेले आहेत. जगात झालेल्या अभ्यासांचे दाखले त्या त्या ठिकाणी दिले आहेत. त्यांवरचे मत मात्र माझे आहे आणि ते मी लपवलेले नाही.

‘अग्रक्रम ठरवणे’ म्हणजे नेमके काय?

उपचाराची साधने अपुरी असताना कोणाला आधी, कोणाला नंतर आणि कोणाला मुळीच नाही, हे ठरवणे. हा निर्णय तीन पातळ्यांवर होतो. राज्य किंवा देश कोणता उपचार सरकारी खर्चाने द्यायचा हे ठरवतो. रुग्णालय यंत्रे, खाटा आणि माणसे कोठे लावायची हे ठरवते. आणि रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागातली शेवटची खाट कोणाला द्यायची हे एखादा तरुण निवासी डॉक्टर ठरवतो. लोकांचा राग या तिसऱ्या माणसावर निघतो. तिसऱ्याच्या हातात एकच खाट का उरली, याचे कारण बहुतेक वेळा पहिल्या दोन पातळ्यांवर असते.

सरकारने पैसा वाढवला तर हा प्रश्न उरेल का?

पैसा वाढलाच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट लिहिलेले आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूस आजही स्वतः मोजतो, आणि त्यासाठी मंगळसूत्र गहाण पडते ते आम्ही पाहतो.

तरीही पैशाने सगळे सुटत नाही. मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड पैशाने वाढत नाही, अनुभवी परिचारिका एका वर्षात तयार होत नाही, आणि श्रीमंत देशांतही लोक शस्त्रक्रियेसाठी महिनोन्महिने थांबतात. ‘पैसा आला की बघू’ असे म्हणून न्यायाचा प्रश्न पुढे ढकलणे मला पटत नाही, कारण तोपर्यंत निर्णय थांबत नाहीत. ते कोणी न विचारता होत राहतात.

सामान्य लोकांना काय न्याय्य वाटते, हे कोणी तपासले आहे का?

होय, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरेच. त्यांतला एक प्रयोग मी प्रत्येक बैठकीत सांगतो. १९९६ साली अमेरिकेत पीटर युबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दोन तपासण्या आहेत आणि रक्कम ठरलेली आहे, असे त्यांनी लोकांसमोर मांडले. पहिली तपासणी स्वस्त आहे. ती सर्वांना देता येते आणि तिने १,००० जीव वाचतात. दुसरी महाग आणि अधिक अचूक आहे. ती निम्म्याच लोकांना पुरते, पण तिने १,१०० जीव वाचतात. कोणती निवडावी?

नुसता हिशेब केला तर दुसरी. पण न्यायालयात पंच म्हणून बोलावल्या गेलेल्या सामान्य नागरिकांपैकी ५६ टक्के लोकांनी पहिली निवडली. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांपैकी ५३ टक्के आणि वैद्यकीय निर्णयशास्त्राच्या तज्ज्ञांपैकीही ४१ टक्के त्याच बाजूला होते. शंभर जीव कमी वाचले तरी चालतील, पण निम्म्यांना दारातच अडवू नका, असे त्यांचे म्हणणे होते.

हा प्रयोग आम्ही कन्ना चौकाजवळच्या एका बैठकीत सांगितला, तेव्हा एका यंत्रमाग कामगाराने लगेच विचारले, ‘निम्मे कोण, हे कोण ठरवणार?’ माझ्या मते हा प्रश्न प्रयोगापेक्षाही मोलाचा आहे. ते शंभर जीव लोकांना नको असतात असे नाही. निम्मे निवडताना आपण नेहमीप्रमाणे दुसऱ्या निम्म्यात पडणार, हे त्यांना अनुभवाने माहीत असते.

मग जास्तीत जास्त जीव वाचवणे हे धोरण चुकीचे आहे का?

चुकीचे नाही, अपुरे आहे. ऑरेगॉन या अमेरिकी राज्याने याचा धडा उघड्यावर घेतला. गरिबांसाठीच्या सरकारी योजनेत अधिक लोकांना सामावून घेता यावे म्हणून त्या राज्याने प्रत्येक आजार आणि उपचाराची जोडी घेऊन क्रमवारी लावायचे ठरवले, आणि १९९० मध्ये पहिली यादी खर्च व लाभ यांच्या गुणोत्तरावर तयार केली. त्या यादीत दातावर कवच बसवण्याचा उपचार गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्या वर आला. गणितात चूक नव्हती: एका शस्त्रक्रियेच्या खर्चात कितीतरी लोकांचे दात वाचत होते. पण अशा शस्त्रक्रियेअभावी बाई काही तासांत दगावते, हे ठाऊक असलेल्या कोणालाही ती यादी मान्य होण्यासारखी नव्हती. राज्याने ती मागे घेतली, जीव वाचवणाऱ्या उपचारांना वरचे स्थान देऊन नवी यादी केली आणि योजना १९९४ मध्ये सुरू झाली.

पुष्कळांचा थोडा थोडा फायदा एकत्र करून तो एकाच्या मरणासमोर ठेवला, तर लोक ती बेरीज नाकारतात. नॉर्वेचे एरिक नोर्ड यांनी ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांसह केलेल्या पाहणीतही हेच दिसले: उपचाराने फायदा कमी होणार असला तरी ज्याची अवस्था अधिक वाईट आहे त्याला मागे टाकू नये, असे बहुसंख्यांना वाटत होते. आपल्याकडे हे सांगायला पाहणीची गरज नसते. केस पेपरच्या रांगेत दोन तास उभी असलेली माणसेही अपघातात रक्तबंबाळ झालेला माणूस आला की बाजूला होतात, आणि त्या वेळी कोणी हुज्जत घालत नाही.

एका बाळाच्या इंजेक्शनसाठी कोट्यवधी रुपये जमतात, आणि गावच्या आरोग्य केंद्रात साध्या गोळ्या नसतात. हे न्याय्य आहे का?

बैठकांत सर्वाधिक वाद याच प्रश्नावर होतो. २०२१ मध्ये मुंबईतील एका बाळाच्या जनुकीय आजारावरच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी वर्गणी काढली, तेव्हा सोलापुरातूनही पैसे गेले. ज्यांनी दिले त्यांना मी कधीही दोष देणार नाही. डोळ्यांसमोर चेहरा आहे, नाव आहे आणि मदतीचा मार्ग आहे, तेव्हा पाठ फिरवणे माणसाला जमत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी उपचारांची शिफारस करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने नेमलेल्या नागरिक परिषदेनेही २००६ मध्ये बहुमताने असेच सांगितले, की समोर मरणाच्या दारात असलेल्या माणसाला वाचवण्याच्या प्रेरणेला धोरणात काही स्थान असले पाहिजे.

अडचण अशी, की ज्यांचा जीव वाचणार आहे पण जे कधीच ओळखू येणार नाहीत, त्यांच्यासाठी कोणी वर्गणी काढत नाही. याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. त्या वेळचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा, तेथे बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला, आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीसुद्धा त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, असे त्यातून दिसले. त्या बायकांपैकी कोण वाचली हे कोणालाच सांगता येणार नाही, तिला स्वतःलाही नाही. म्हणून तिचा फोटो कधी वर्तमानपत्रात आला नाही.

त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तुलनेसाठी निवडलेल्या गावांतील स्त्रियांची तपासणी झाली नाही. त्यांना त्या वेळी उपलब्ध असलेली नेहमीची सेवाच मिळाली, आणि त्यावर पुढे नैतिक वाद झाला. ज्ञान मिळवण्यासाठी काहींना तपासणीबाहेर ठेवावे का, हाही अग्रक्रमाचाच प्रश्न आहे, आणि त्या गावांतील बायकांनी तो विचारला तर त्यांना उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

दुर्मिळ आजारांच्या बाबतीत आपल्या देशाने मधला मार्ग धरला आहे. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातील वीस लाखांची मदत २०२२ मध्ये पन्नास लाखांवर नेली गेली. मदत शून्य नाही आणि अमर्यादही नाही. अशी मर्यादा आखणे क्रूर वाटते हे मला समजते, पण मर्यादा असून ती कोणाला न सांगणे हे मला अधिक क्रूर वाटते.

म्हाताऱ्या माणसांपेक्षा तरुणांना आधी उपचार द्यावेत का?

याला उत्तर देताना बैठकीत आजोबा आणि नातू दोघे असतील तर आजोबाच आधी म्हणतात, ‘पोराला द्या.’ ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनी १९९७ मध्ये जवळजवळ हीच भावना सिद्धान्त म्हणून मांडली: प्रत्येकाला आयुष्याचा एक पुरेसा डाव खेळायला मिळावा, आणि ज्याचा डाव अजून व्हायचा आहे त्याला झुकते माप मिळावे. पण आजोबांनी स्वतःहून म्हणणे आणि खिडकीवरच्या माणसाने त्यांना म्हणणे यांत फार अंतर आहे. पहिल्यात मोठेपणा असतो, दुसऱ्यात अपमान.

आपल्या देशाची धोरणे एका दिशेची नाहीत. कोविड लसीकरणात १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना आधी घेतले गेले, कारण त्यांना मृत्यूचा धोका अधिक होता. मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवण्याची ६५ वर्षांची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. माझे मत असे, की वय हे धोक्याचे किंवा उपचार पेलण्याच्या ताकदीचे माप म्हणून पाहावे. माणसाच्या किमतीचे माप म्हणून पाहू नये.

तंबाखू खाऊन, दारू पिऊन आजारी पडलेल्यांना आमच्या बरोबरीने उपचार का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि अनेकदा तो ज्या घरात दारूने सर्वनाश झाला आहे त्याच घरातली बाई विचारते. म्हणून मी तो झटकून टाकत नाही.

इंग्लंडमध्ये यॉर्क येथे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठ सामान्य लोकांना लहान गटांत बसवून हाच प्रश्न चर्चेला दिला होता. सुरुवातीला बऱ्याच जणांना धूम्रपान आणि मद्यपान करणाऱ्यांचा क्रम खाली असावा असे वाटत होते. चर्चेच्या दोन फेऱ्यांनंतर त्यांतल्या अनेकांनी हे मत सोडले. कोणी त्यांना उपदेश केला नव्हता. एकमेकांचे ऐकून ते बदलले.

सोलापुरात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. येथे हजारो बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन तंबाखूत हात घालतात, घरातली लहान मुले त्याच खोलीत झोपतात, आणि भुकटी श्वासातून जाते ती हौसेपायी नव्हे. तिला खोकला लागला तर ‘तंबाखूमुळे’ एवढाच शेरा कागदावर पडतो. दोष मोजायला बसलो तर आधी कोणाचा मोजायचा? वळणारीचा, वळवून घेणाऱ्याचा, ओढणाऱ्याचा, की त्यावर कर घेणाऱ्याचा? डॉक्टरांनी न्यायाधीश होऊ नये, एवढे मात्र मी ठामपणे म्हणतो. दारू न सोडता यकृताचे रोपण टिकत नाही, हा वैद्यकीय विचार झाला. दारू प्यायला म्हणून शिक्षा, हा दुसराच विचार झाला. दोन्ही एकाच वाक्यात आले की घोटाळा होतो.

पिवळे, केशरी आणि पांढरे कार्ड यांवरून उपचार ठरवणे योग्य होते का?

गरिबाला आधी, हे तत्त्व योग्यच होते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होते, आणि पिवळ्या व केशरी कार्डावर दरवर्षी प्रत्येक कुटुंबामागे दीड लाखापर्यंतचे उपचार मिळू लागले तेव्हा अनेक घरे कर्जापासून वाचली. पुढे ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली.

पण कोठेतरी रेघ मारावीच लागते आणि रेघेला लागून राहणाऱ्यांना ती सर्वांत जास्त बोचते. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजनेत घेताना मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा असे चौदा संकटग्रस्त जिल्हे निवडले गेले. सोलापूर त्यांत नव्हते. त्यामुळे बार्शी तालुक्याच्या शिवेवरच्या दोन शेतकऱ्यांपैकी, एकाच पावसावर जगणाऱ्या आणि एकाच बाजारात सोयाबीन विकणाऱ्या, उस्मानाबादकडचा आत आणि बार्शीकडचा बाहेर, अशी स्थिती झाली. जिल्हा हा सोयीचा निकष होता, न्यायाचा नव्हता.

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कार्डाच्या रंगाचा भेद काढून राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आणि १,३५६ उपचार लागू करण्याचे ठरले. हे पाऊल मोठे आहे. पण सर्वांना हक्क मिळाला की रांगेत सर्व जण येतात, आणि मग ज्याला अर्ज भरता येतो, ज्याचा मोबाइल चालतो, ज्याची मजुरी बुडाली तरी चूल पेटते, तो पुढे जातो. सर्वांना समान दार उघडले तरी उंबरठा सर्वांना सारखा उंच नसतो, म्हणून आमचे कागदपत्रांचे काम २०२३ नंतर कमी झाले नाही, वाढले.

कर्नाटकातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांमुळे आमच्या खाटा अडतात. आधी सोलापूरकर, असा नियम का नको?

विजयपूर, कलबुर्गी, धाराशिव, लातूर या बाजूंनी रुग्ण येथे येतात, हे खरे आहे. आपली माणसेही पुण्याला जातात आणि कर्करोगासाठी मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या पदपथावर राहतात, हेही तितकेच खरे आहे. अवयवांच्या नोंदणीसाठीची अधिवासाची अट २०२३ मध्ये केंद्राने काढायला लावली ती याच कारणाने.

एका बैठकीत हा मुद्दा तापला असता एका वृद्ध गिरणी कामगाराने फक्त एवढे म्हटले, की द्वारकानाथ कोटणीस येथले होते आणि ते कोठे गेले ते आठवा. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातला हा सोलापूरचा मुलगा १९४२ मध्ये तेथेच वारला, परक्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता. त्यानंतर त्या दिवशी हा विषय कोणी पुन्हा काढला नाही. खाटा वाढवण्याची मागणी शासनाकडे करावी. शेजारच्या आजाऱ्याला परत पाठवून ती भागणार नाही.

ओळखीने, चिठ्ठीने नंबर लागतो, तर या सगळ्या चर्चेचा उपयोग काय?

याचे उत्तर मला स्वतःबद्दल सांगितल्याशिवाय देता येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मामांना डायलिसिस लागले. ज्या रुग्णालयात आम्ही गेलो तेथे ‘यादी भरली आहे, नाव लिहून ठेवतो’ असे सांगितले गेले. नाव शंभर पानी वहीत लिहिले गेले. निळ्या रेघांची, कोपरे दुमडलेली ती वही टेबलाच्या खणात असे, आणि काही नावांवर दुसरी नावे गिरवलेली मी दुरून पाहिली. आठवडाभर आम्ही बाहेर पैसे देऊन भागवले. आमच्यानंतर आलेल्या एका माणसाला मधल्या काळात जागा मिळाली. मामांनी वही पाहायला मागितली. ती दाखवली गेली नाही. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, ‘नाही म्हणाले त्याचे मला काही नाही. वही दाखवली असती तर मी गप बसलो असतो.’

दहाव्या दिवशी मी एका पुढाऱ्याची चिठ्ठी आणली आणि मामांचा नंबर लागला. त्या दिवशी कोणाचे नाव मागे गेले, हे मला आजही माहीत नाही.

म्हणून मी हे काम करतो, आणि म्हणून मला वाटते की लोकांच्या न्यायबुद्धीचा गाभा मामांच्या त्या वाक्यात आहे. नॉर्मन डॅनियल्स आणि जेम्स सेबिन या दोन अमेरिकी विचारवंतांनी १९९७ मध्ये हेच शिस्तीने मांडले. कोणाचा क्रम वर असावा यावर सर्वांचे एकमत कधीच होणार नाही, पण चार गोष्टी पाळल्या तर ज्याला नकार मिळाला तोही निर्णय मान्य करू शकतो: नियम आणि कारणे सर्वांना उघड असावीत, कारणे अशी असावीत की विचारी माणसाला ती या कामाशी संबंधित वाटतील, निर्णयाविरुद्ध दाद मागता यावी आणि नवी माहिती आली तर तो बदलावा, आणि हे सारे खरोखर पाळले जाते की नाही यावर कोणाची तरी देखरेख असावी. चिठ्ठी यांतल्या पहिल्याच अटीला हरताळ फासते. ती घेणारा दर वेळी दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो माझ्यासारखा घाबरलेला असतो. वही उघडी असती तर मला चिठ्ठीची वाट धरावी लागली नसती.

शिकलेल्या तज्ज्ञांनाच हे कळते. आम्ही अडाणी माणसांनी काय ठरवायचे?

‘नाइस’ संस्थेने २००२ मध्ये नागरिक परिषद नेमली तेव्हा तिच्यात तीस सामान्य नागरिक होते. आपल्याकडेही महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कमी उत्पन्नाच्या गटांना एका पटावर मर्यादित रक्कम वाटून आरोग्यविम्यात काय हवे ते ठरवायला सांगणारा प्रयोग झाला आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांनीही त्यात विचारपूर्वक निवडी केल्या.

आम्ही पटाऐवजी चिंचोके वापरतो. प्रत्येक गटाला वीस चिंचोके आणि सहा वाट्या: बाळंतपण, डायलिसिस, कर्करोगाची तपासणी, लहान मुलांचा अतिदक्षता विभाग, औषधे आणि पिण्याचे पाणी. पाण्याची वाटी आरोग्याच्या यादीत नको, असे एका डॉक्टरांनी सुचवले होते, पण ज्या शहरात नळ तीन-चार दिवसांआड येतो तेथे बायका ती वाटी काढू देत नाहीत. एकदा विडी कामगार बायकांच्या गटात एकोणीस चिंचोके वाटून झाले आणि विसावा एका बाईने मुठीत तसाच धरून ठेवला. बराच वेळ ती डायलिसिसच्या आणि बाळांच्या वाटीकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी तिने तो बाळांच्या वाटीत टाकला आणि डायलिसिसच्या वाटीकडे बोट करून म्हणाली, ‘ह्यांना का नाही दिलं, ते त्यांना जाऊन सांगायला पायजे. कारखान्यात खराब म्हणून विडीची छाट काढतात तेव्हा पण आम्ही हेच म्हणतो: कशाला काढली ते सांगा, मग काढा.’

अडाणी कोणाला म्हणायचे, हे त्यानंतर मला नीट कळेनासे झाले.

लोकांनी ठरवले म्हणजे ते योग्यच, असे मानायचे का?

नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलमध्ये डायलिसिसची यंत्रे मोजकी होती, तेव्हा कोणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली. तिने नोकरी, उत्पन्न, लग्न झालेले आहे का, चर्चला जातो का, अशा गोष्टी पाहिल्या. १९६२ मध्ये हे छापून आले आणि देशभर खळबळ उडाली. समितीला आपल्यासारखीच माणसे लायक वाटली होती. आपल्याकडे अशी समिती नेमली तर ती जात, गल्ली आणि मतदारयादी पाहणार नाही, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून लोकांनी तत्त्वे ठरवावीत, अमुक माणूस की तमुक माणूस हे ठरवू नये.

थायलंडचे उदाहरण वेगळे आहे. २००२ च्या त्यांच्या सर्वांसाठीच्या योजनेत डायलिसिस नव्हते. खर्चाच्या हिशेबात ते बसत नव्हते. पण घरेच्या घरे कर्जात बुडताना पाहून २००८ मध्ये ते घेतले गेले, आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून घरी करता येणाऱ्या पोटातील डायलिसिसला प्रथम पसंती दिली गेली. हिशेबही सोडला नाही आणि माणसेही.

उपचार नाकारला किंवा नंबर मागे ढकलला असे वाटले, तर काय करावे?

महात्मा फुले योजनेतील रुग्णालयात रुग्णांच्या मदतीसाठी योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, असतो. प्रथम त्याच्याकडून मंजुरी नाकारल्याचे कारण लेखी मागावे. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. धर्मादाय रुग्णालय असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे त्याला बंधनकारक आहे. त्याबद्दलची तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयात करता येते. तातडीच्या अवस्थेत सरकारी रुग्णालयाने खाट नाही म्हणून परत पाठवणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात सांगितलेले आहे. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते.

सरकारी रुग्णालयाच्या प्रतीक्षा यादीबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. एरवी उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, पण माहिती जीविताशी संबंधित असेल तर ती अठ्ठेचाळीस तासांत देणे कायद्याने आवश्यक आहे. तसे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्जात ‘माझा नंबर का लागला नाही’ असे विचारू नये, कारण या कायद्यात खुलासा नव्हे तर नोंदी मिळतात. यादीतील सर्व रुग्णांची नावे झाकून प्रत्येकाच्या नोंदणीचा दिनांक आणि उपचार सुरू झाल्याचा दिनांक एवढ्याच दोन रकान्यांची प्रत मागावी. तेवढ्यावरून क्रम कळतो.